मरळीचा झगा

दामिनी शाळेतून आली ती पळतच. पाठीवर दप्तर उड्या मारत होतं, एक वेणी सुटली होती, आणि सांगायचं इतकं तोंडाशी आलं होतं की ते वाटेतच सांडतं की काय असं वाटावं. घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या कौलारू पडवीत, तिची माय प्रेमिला खांबाला जाळं अडकवून विणत बसली होती. पोर आता मांडीवर येऊन आदळणार म्हणून प्रेमिलाने पाय आखडून घेतले, बांबूची सुई बाजूला धरली.

पोर आली, जाळ्यावरून टांग टाकली, आणि पुढे निघून गेली.

सपरी एकच, पण तिला टोकं दोन. ह्या टोकाला प्रेमिलाची चूल, त्या टोकाला तिच्या धाकट्या जावेची, ज्योत्स्नाची. त्या टोकाला खिडकीखाली शिलाई मशीन होती.

"काकू! अवो काकू! मी मरळ झाली!"

मशीनची खटखट थांबली.

"मरळ? कायची मरळ व?"

"ग्यादरिंगमंदी! मॅडमनं मले मरळ केलं. पिल्लंवाली मरळ!"

बातमी प्रेमिलाच्याही कानावर पडलीच. सपरी असून असून केवढी असणार? पण शेजारच्या घरात फोडणी पडावी आणि वास आपल्या नाकाला यावा, तशी ती आली. दुसऱ्याच्या चुलीवरची.

दुसरीच्या साधना मॅडमनी गावच्या मामा तलावातल्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातल्या, जिवांवर एक नाटुकलं बसवलं होतं. त्यात बगळा होता, कासव होतं, आणि पिल्लं राखणारी मरळ मासळी होती. पिल्लं म्हणून पहिलीची बारकी पोरं घेतली होती. नवीन काही विकत घ्यायचं नाही, घरचाच कपडा घेऊन घरीच शिवायचं, असं मॅडमनी बजावून सांगितलं होतं. दामिनीने हे सगळं एका दमात सांगितलं. ज्योत्स्नाच्या गळ्यातली मापाची पट्टी तेवढ्यात सरसर निघाली, पोरीच्या छातीभोवती फिरली, खांद्यावरून उतरली. पोर हात पसरून उभी, जसं काही ह्या पट्टीसाठीच तिचा जन्म झाला होता.

"झगा मी शिवीन," प्रेमिला म्हणाली.

आवाज ह्या टोकाकडून आला म्हणून दोघींनी माना वळवल्या.

"तुमी, बाई?" ज्योत्स्ना म्हणाली.

"काऊन? माये हात तुटले का?"

"तसं नाई वो म्हनलं..."

"माय," दामिनीने विचारलं, "तुले शिवता येते?"

त्या विचारण्यात काही खोट नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. प्रेमिलाने जाळ्याचा एक डोळा, गाठींमधलं एक घर, इतका ओढला की सूत तुटलं.

ज्योत्स्ना ह्या घरात आली त्याला दोन पावसाळे झाले होते. चामोर्शीकडची, तिच्या बापाने जाळं कधीच सोडलं होतं, बाजारात बसून तो कपडे शिवायचा. लग्नात त्याने लेकीला ही मशीन दिली. मशीन बैलगाडीतून उतरली तेव्हा गावातल्या बाया बघायला आल्या होत्या, आणि प्रेमिलानेच तिला कुंकू लावलं होतं. तेव्हा तिला काय ठाऊक! आधी चिंध्यांतून बाहुलीचे झगे निघाले. मग दामिनीच्या वेण्यांना रिबिनी आल्या. मग ज्योत्स्नाचा नवरा आदेश मिरची तोडायला तेलंगणात गेला, आणि दामिनीने आपली चादर उचलली. "काकूले एकटीले भेव लागते," असं म्हणून ती त्या टोकाला झोपायला गेली. तेव्हापासून प्रेमिलाच्या कुशीत एक जागा थंड राहायची, आणि ती जागा दिवसभर तिच्याबरोबर चालायची, तलावावर, बाजारात, चुलीपाशी.

विणताना तिच्या ओठांवर आपोआप ओळी यायच्या. माहेरी नदीकाठी बाया जाळं विणता विणता अशाच ओळी जुळवायच्या.

*विणते मी जाळं, डोळ्याला डोळा गुंफून,*
*लेक माझी मासोळी, गेली डोळ्यातून निसटून...*

एकदा हीच ओळ ऐकून ज्योत्स्ना जवळ येऊन बसली होती. "बाई, मलेबी ही गाठ शिकवा नं."

"तुया हात मशीनचा," प्रेमिला म्हणाली होती. "हे सूत तुले नाई आयकनार."

ज्योत्स्ना हसून उठून गेली होती. प्रेमिला हसली नव्हती, पण त्या दिवशी भात तिला गोड लागला होता. ह्या घरात तेवढीच एक गोष्ट होती जी त्या टोकाला नव्हती.

गोधडीच्या अस्तरासाठी ठेवलेला कोरा मांजरपाट प्रेमिलाने पेटीतून काढला. अजून खळ होती त्याला, उलगडताना करकर वाजला. मापाची पट्टी मागायला ती थोडीच जाणार होती? तिने पोरीला समोर उभं केलं आणि बोटांनी मापलं, जाळ्याचा डोळा मापतात तसं. खांद्याला इतकी बोटं, बगलेला इतकी, गुडघ्यापर्यंत इतक्या वीता. कैचीही त्या टोकालाच होती. म्हणून कपडा तिने भाजीच्या विळ्यावर कापला.

नवरा हरिदास तलावावरून येऊन बाजेवर बसला होता. तो म्हणाला, "मरळ शिवून राह्यली का मरळ सोलून राह्यली?"

"तुमी गप बसा."

ज्योत्स्ना पाण्याची घागर घेऊन चालली होती. कपड्यापाशी थांबली. वाकून तिने तो दोन बोटांत चोळून पाहिला.

"बाई, हा कोरा कपडा हाय. याले पयले पान्यात..."

"ज्योत्स्ना, मी तुले कधी मशीनचं सांगाले आली का?"

ज्योत्स्नाने घागर सावरली आणि ती गेली.

त्यानंतरचे दिवस प्रेमिलाचे होते. दुपारी शाळा सुटली की दामिनी आता जाळ्यावरून टांग टाकून जात नसे. झगा कुठवर आला ते बघायला थांबायची. हातशिलाईचा एकेक टाका प्रेमिला असा घालायची की जणू तो पाण्याचा भार सोसणार आहे. टाका नव्हताच तो, जाळ्याची गाठ होती, कापडावर घातलेली. झगा बिनबाह्यांचा होता, अंगासरशी, मरळीसारखा सुळसुळीत. पोर त्यात शिरली तेव्हा कुठे चिमटाभरही ढिला नव्हता. प्रेमिला मागे सरून बघत राहिली. असं माप मशीनला साधलं असतं का?

"माय, मरळ काय करते?"

"पिल्लं राखते. पावसाळ्यात तलावात लाल लाल थवा दिसते नं, कुंकू सांडल्यावानी? ते तिचे पिल्लं. थवा वर, आन् मरळ खाली. दिसत नाई. पन बगळा आला, साप आला, कोनीबी आलं का अशी झपाटते..." प्रेमिलाने दोन्ही हातांनी पोरीचं पोट धरलं. पोर खिदळत तिच्या अंगावर कोसळली.

"मानसालेबी?"

"मानसालेबी. माया बाप तं तिथी जाळंच नाई टाके. म्हने, तिचा जीव आधीच तिथी अडकला हाय, अजून काय अडकवाचं?"

ती कुशीतली थंड जागा त्या दुपारी भरल्यासारखी झाली. पण त्याच दुपारी त्या टोकाचं दार लोटलेलं होतं, आणि आत मशीन चालत होती. दुसऱ्या दिवशीही दार लोटलेलंच. प्रेमिला पाण्याच्या निमित्ताने जवळून गेली. फटीतून लाल कपड्याची चुणूक दिसली, आणि मशीन चटकन थांबली.

"काय शिवून राह्यली व?"

"काई नाई, बाई. असंच."

असंच! प्रेमिलाचं काळीज तव्यावरच्या पाण्यासारखं चुरचुरलं. झगाच शिवते ती. दुसरा झगा. ऐन वेळी काढेल, चमचमता, किनारवाला, आणि पोर मांजरपाट फेकून त्यात शिरेल. सगळ्या गावासमोर.

मग तिला रंग सुचला. मरळ काही पांढरी नसते. ती चिखलाच्या, जुन्या सावलीच्या रंगाची असते. माहेरी सुती जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे; त्याने सूत काळपट तांबडं व्हायचं आणि पाण्यात कुजायचं नाही. आता नायलॉन आलं, काढा गेला. पण तो रंग कोणत्या मशीनला येतो? ग्यादरिंगच्या आदल्या दिवशी तिने साल आणून मोठ्या गंजात, खोल पातेल्यात, उकळत ठेवली. झगा त्यात सोडला, आणि गंजात जागा होती म्हणून माहेरून आणलेल्या सुती दोऱ्याची एक लडही. त्यालाही रंग चढेल तर चढू दे.

शेजारची म्हातारी सोमारीबाई काठी टेकत आली. "काय व प्रेमिला, कोनाचं जाळं शिजवून राह्यली?"

"माया पोरीचं."

"पोरीले जाळ्यात धरतेस का?" म्हातारी बोळक्या तोंडाने हसली.

वास मात्र अगदी बापाच्या अंगणाचा आला. खुंटीवर टांगलेलं एक वीतभर वाकडंतिकडं जाळं प्रेमिलाला आठवलं. तिने लहानपणी विणलेलं, पहिलंच. भाऊ त्याच्यावर हसायचे, एकाने तर तोडून दोरा परत घ्यायला हात घातला होता. बाप ओरडला होता, शिकाऊ हाताचं पहिलं काम कापत नसतात, नाहीतर तो हात पुन्हा सुतावर बसत नाही. ते जाळं बाप होता तोवर खुंटीवर होतं.

झगा आणि लड तिने वळणीवर, वाळत घालायच्या दोरीवर, टाकली आणि सकाळची वाट बघत राहिली.

सकाळी रंग असा उतरला होता की तलावाच्या तळातून काढून आणल्यासारखा. दामिनी आंघोळ करून हात वर करून उभी राहिली. झगा डोक्यावरून गेला आणि खांद्यावर अडला. प्रेमिलाने ओढला. आणखी ओढला.

"माय, मले दिसत नाई," आतून आवाज आला.

"थांब."

"माय, श्वास घेता येत नाई!"

प्रेमिलाने तो उलटा काढला, हातात धरला, आणि तेव्हा तिला कळलं. झगा आवळला होता. काढ्यात सूत आवळतंच. जाळ्याला तेच हवं असतं. आवळलं की गाठी बसतात, जाळं मुठीसारखं घट्ट होतं. आवळलं नाही तर बाप पुन्हा उकळायचा. आयुष्यभर जे आवळलेलं बघून तिला बरं वाटलं होतं, ते आज ती दोन्ही हातांनी ताणून सैल करू बघत होती. जाळ्यात पोर घालायची नसते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दामिनीने भोकाड पसरलं. त्या टोकाचं दार उघडलं, ज्योत्स्ना धावत आली, झग्याकडे बघून थबकली.

"तुले माहीत होतं," प्रेमिला म्हणाली.

"सांगाले आली होती नं, बाई. कोरा कपडा पयले भिजवून..."

"मंग दाटून सांगाचं होतं! दोन शब्द बोलली आन् चालली गेली!"

हरिदास बाजेवर उठून बसला.

"जा, काढ आता तुया," प्रेमिला म्हणाली. "शिवून ठेवला हायेस नं? दार लावून? मले का दिसत नाई? घाल पोरीले, आन् होऊ दे तुया मनासारखं."

ज्योत्स्ना आत गेली. बाहेर आली ती ओंजळ भरून. लाल टोप्या होत्या त्या, लहान लहान, गोल, पहिलीच्या पोरांच्या डोक्याच्या.

"मॅडमनं पिल्लांच्या टोप्या सांगितल्या होत्या," ती म्हणाली. "तुमाले सांगितलं असतं तं तुमी त्याबी शिवाले घेतल्या असत्या."

हरिदासला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडवलं.

"आन् झगा?"

"तुमी म्हनलं का मी शिवीन. मंग मी कायले शिवू?"

प्रेमिलाला वाटलं, हिने दुसरा झगा शिवला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. आता चांगुलपणाही त्या टोकालाच जाऊन बसला.

"काकू," दामिनी हुंदके देत म्हणाली, "तू कर नं काईतरी."

ज्योत्स्नाने झगा उलटा करून शिवण पाहिली. "सोडाले कपडाच नाई ठेवला, बाई. बगलेत जोड लावा लागन. पन माया जवळ हा लालच तुकडा हाय."

"मरळ लाल नसते!" दामिनी किंचाळली. "बगळा हासन मले!"

दुपारी शाळेत पोचायचं होतं. प्रेमिलाने वळणीकडे पाहिलं. तिथे दोऱ्याची लड अजून सुकत होती, त्याच रंगाची, त्याच काढ्यातली. जोड कपड्याचाच कशाला हवा? दोन्ही बाजू बगलेपासून खालपर्यंत उसवायच्या, मधे जाळं विणायचं. जाळं ताणतं. पोरीच्या अंगासरशी ताणेल. आणि ते खवल्यांसारखं दिसेल. तिच्या मनात ते सगळं क्षणात विणूनही झालं. मग तिने सूर्याकडे पाहिलं. एक बाजू होईल. दुसरी होणार नाही.

हरिदासची बोटं तिला माहीत होती. तो जाळं टाकायचा, फाटलं की तिच्यापुढे आणून ठेवायचा. गावात आता विकतचं जाळं आल्यापासून गाठ कोणाला येत होती?

ज्योत्स्ना पोरीचे डोळे पुसत होती. तिचे हात लांब होते, बोटं बारीक. प्रेमिलाने त्यांच्याकडे पाहिलं, नजर काढली, पुन्हा पाहिलं.

"इकडे बस," ती म्हणाली.

"मी?"

"दुसरं कोन हाय इथी?"

दोन्ही बाजू उसवून झगा पोरीच्या डोक्यातून घातला. बाजू उघड्या असल्यामुळे तो मजेत उतरला. दामिनी खांबासारखी मधे उभी राहिली, उजव्या बाजूला माय, डाव्या बाजूला काकू. प्रेमिलाने सुई भरली आणि काठाला पहिला डोळा बांधला.

"पाह्य. सुई खालून वर काढाची. अंगठ्यानं दाबाचं. मंग मागून फासा घ्याचा, आन् ओढाचं. अंगठा सोडाचा नाई."

ज्योत्स्नाने केलं. ओढलं. गाठ सरकून सुटली.

"कच्ची. पुन्हा."

पुन्हा सुटली.

"कच्ची. अंगठा काऊन सोडला?"

"सोडला नाई, बाई, सुटला."

"एकच झालं."

प्रत्येक सुटलेल्या गाठीला प्रेमिलाच्या मनात कुठेतरी एक दिवा लागत होता, हे खोटं कशाला सांगावं? आपली बाजू विणता विणता तिचं लक्ष सगळं त्या बाजूला होतं. बांबूची एकच सुई होती, ती तिने आपल्याजवळ ठेवली. ज्योत्स्नाला काडीवर दोरा गुंडाळून दिला होता. दामिनीला पाय दुखायला लागले. हरिदास ताट घेऊन आला आणि तिला उभ्या उभ्या भात भरवू लागला.

"खाली सांडवू नका, गाठीत जाईन," प्रेमिला म्हणाली.

"मरळीले भात चारून राह्यलो, माया बापानं नाई पाह्यलं असं," हरिदास म्हणाला. पोर तोंडात घास घेऊन हसली आणि हलली.

"हालू नोको!" दोघी एकदम ओरडल्या.

मग दोन्ही बाजू बोटाबोटाने खाली सरकत गेल्या. आणि मग प्रेमिलाच्या ध्यानात आलं की आपण मघापासून "कच्ची" म्हटलेलं नाही. तिने मान तिरकी करून पाहिलं. डोळे वाकडे होते, एक मोठा, एक बारका, कुठे ओढलेले, कुठे सैल. पण सुटत नव्हते. ज्योत्स्ना जीभ दातात धरून विणत होती, आणि नकळत तीच ओळ गुणगुणत होती, *लेक माझी मासोळी*, चाल जराशी चुकवून.

हेही गेलं, प्रेमिलाला वाटलं. ओळीसकट गेलं. तिने आपली गाठ जरा जास्तच आवळली.

"चाल तशी नाई," ती म्हणाली. तेवढंच.

शाळेपुढच्या मैदानात मांडव होता. उन्हं तिरकी झाली होती. बाया एका बाजूला सतरंजीवर, सोमारीबाई सगळ्यांत पुढे. प्रेमिला आणि ज्योत्स्ना शेजारी बसल्या, कारण जागा तेवढीच होती. स्टेजवर पोरं ओळीने उभी. बगळा झालेल्या पियुषला कागदाची चोच होती, आणि ती सारखी खाली घसरत होती. लाल टोप्यांची पिल्लं एकमेकांना ढकलत होती. मधे दामिनी, तांबडी, काळपट, दोन्ही कुशींवर खवल्यांसारखं जाळं. उजवी बाजू आखल्यासारखी, डावी वाऱ्याने विस्कटल्यासारखी.

"एक बाजू काऊन वाकडी व?" सोमारीबाईने मोठ्याने विचारलं.

ज्योत्स्नाने मान खाली घातली. प्रेमिलाने बोलायला हवं होतं, पण ती वाकडी बाजू आपली नाही हे सगळ्यांना कळलेलं तिला बरं वाटत होतं.

साधना मॅडमनी माईक घेतला. नाटकाआधी त्या एकेका पोराला पुढे घेत होत्या. "छान! घरच्या कपड्यातून किती सुंदर केलंय बघा. पियुष, तुझी चोच कोणी केली?" "बाबानं!" टाळ्या. "आणि तुझं कासव?" "आजीनं!" टाळ्या.

प्रेमिलाचा श्वास जागच्या जागी थांबला. शेजारी ज्योत्स्नाचाही थांबला होता. खांद्याला खांदा लागून होता म्हणून कळलं. सगळं गाव ऐकत होतं. पोर एकच नाव घेईल. पोरं एकच नाव घेतात, जे आधी तोंडात येतं ते. आणि गेली दोन वर्षं तिच्या तोंडात आधी काय येतं, हे सपरीचा खांबही सांगेल.

"आणि दामिनी? तुझी ही मरळ कोणी शिवली ग?"

दामिनीने मॅडमकडे असं पाहिलं की ह्यांना एवढंही कळत नाही.

"मरळीले कोनी शिवत नाई," ती माईकमध्ये म्हणाली. "मी मरळच हाओ."

मांडव हसण्याने उसळला. प्रेमिलाने ज्योत्स्नाकडे पाहिलं, ज्योत्स्नाने प्रेमिलाकडे. बोटं दोघींची सोलली होती.

"घ्या," ज्योत्स्ना पुटपुटली. "तुमचंबी नाई, माहंबी नाई."

प्रेमिलाला हसू येणार होतं, पण नाटक सुरू झालं.

पिल्लं स्टेजभर फिरली, दामिनी त्यांच्या मागे वाकून फिरली. बगळ्याने एका पायावर उभं राहायचं, चोच पुढे करायची, मरळीने नुसतं "हुश" म्हणायचं, आणि बगळ्याने उडून जायचं, असं बसवलं होतं. पियुष एका पायावर आला. चोच त्याने एका टोपीला लावली. ते पिल्लू खरंच घाबरलं, रडलं, आणि दामिनीच्या झग्याला बिलगलं.

दामिनीने हुश म्हटलं नाही. ती झपाटली. तिने चोच दातांनी धरली, उपटली, थुंकली, आणि बगळ्याला स्टेजच्या कडेपर्यंत हाकलत नेलं. मग परत येऊन पिल्लांच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली, छाती धपापत, डोळे वटारून. मॅडमकडेही तिने तसंच पाहिलं.

हसून हसून सोमारीबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. "कोनाची पोट्टी व हे?" मागून कोणीतरी विचारलं.

"इचारता काय!" सोमारीबाईने काठीने प्रेमिलाकडे दाखवलं. "डोये पाहा नं. माय कोनाले जवळ येऊ देते का? तशीच हाय. शिक्का मारल्यावानी!"

सगळ्या बाया वळून हसल्या. ज्योत्स्ना सगळ्यांत जास्त. प्रेमिलाचं तोंड तापलं. आयुष्यभर ऐकायची इच्छा होती ते असं कानावर आलं, आणि तिला पदराआड तोंड लपवावंसं वाटलं.

घरी येईपर्यंत तलावावर संध्याकाळ उतरायला लागली होती. झगा निघेना. घामाने सूत आणखी आवळलं होतं. बगलेपाशी अडायचं, पोर ओरडायची.

"कापाच लागन," हरिदास म्हणाला. "एक बाजू."

प्रेमिलाने विळा आणला. दामिनी सपरीच्या मधोमध उभी होती, सकाळसारखीच.

"माई बाजू कापा, बाई," ज्योत्स्ना म्हणाली. "तसंबी वाकडी हाय."

तेच तर प्रेमिलाच्या मनात होतं. तिने विळ्याचं टोक डाव्या बाजूच्या वरच्या गाठीखाली घातलं. एक ओढ, की ते सगळं खाली येणार होतं, आणि खुंटीवर जे राहील ते तिचं असेल, आखल्यासारखं, सगळ्यांनी बघावं असं. गाठ विळ्याच्या धारेवर ताणली गेली.

आणि बापाचा ओरडा तिला असा ऐकू आला की तो सपरीतच बसला आहे.

तिने विळा काढून घेतला. जरा रागानेच काढला.

"काय झालं, बाई?"

"काई नाई. शिकाऊ हाताचं पयलं काम कापत नसतात. मंग हात बसत नाई सुतावर."

"नाई बसला तं नाई बसला..."

"गप राह्य. मले शिकवू नोको."

तिने आपली बाजू कापली. वरून खाली, एका ओढीत. सरळ सरळ डोळे फटाफट सुटत गेले. दामिनी झग्यातून बाहेर पडली, दोन उड्या मारल्या, आणि त्या टोकाकडे पळाली.

"काकू, मले भूक लागली!"

कुशीतली ती थंड जागा पुन्हा जाणवली, अगदी होती तिथेच. प्रेमिलाने झगा खुंटीवर टांगला.

"काकूची चूल थंडी हाय आज," ती तिकडे न बघता म्हणाली. "दिवसभर जाळं विनत होती ते. इकडेच या दोघीबी."

त्या टोकाकडून भांड्यांचा आवाज आला, मग पावलांचा, मोठ्यांचा आणि लहानांचा. प्रेमिला अजून खुंटीपाशीच होती. वाकड्या बाजूत अगदी खाली एक डोळा होता, बारीक, नीट, चारही गाठी जागच्या जागी. कोणी दाखवला नसता तर तिला तो आपलाच वाटला असता. तिने तो बोटाने चाचपला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

हा कधी जमला हिला?